जुन्या सर्व्हरच्या डिस्कचा वेग वाढवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे फिरत्या हार्ड डिस्कवर चालणाऱ्या आणि सात-आठ वर्षे किंवा त्याहून जास्त काळ सेवेत असलेल्या सर्व्हरना धरून लिहिली आहेत. उदाहरणे मुख्यतः लिनक्सची आहेत. विंडोजवर वेगळे काही करावे लागते तेथे तसे सांगितले आहे.

सर्व्हर मंद झाला आहे. दोष डिस्कचाच आहे, हे कसे ओळखावे?

लोड ॲव्हरेज चढलेला आहे, पण प्रोसेसर मात्र बऱ्यापैकी मोकळा आहे, अशी विसंगती दिसली की पहिला संशय डिस्कवर घ्यावा. लिनक्समध्ये लोड ॲव्हरेज मोजताना प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रक्रियांबरोबर डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबलेल्या प्रक्रियाही धरल्या जातात, त्यामुळे हा आकडा एकटा पाहिला तर फसवतो. ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा दर सेकंदाला चालवून ‘डब्ल्यूए’ हा रकाना पाहावा. प्रोसेसर रिकामा असूनही डिस्कची वाट पाहण्यात किती टक्के वेळ गेला, ते त्यात दिसते.

त्याच आज्ञेतले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन रकाने पाहिल्याशिवाय मात्र निष्कर्ष काढू नये. ते सतत शून्याच्या वर असतील तर सर्व्हरला रॅम अपुरी पडते आहे आणि तो स्वॅपवर, म्हणजे रॅमऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेवर, दिवस काढतो आहे. अशा वेळी डिस्क थकलेली दिसते खरी, पण मूळ दुखणे रॅमचे असते आणि डिस्कवर केलेला खर्च वाया जातो.

‘आयओस्टॅट’च्या आकड्यांमध्ये नेमके काय पाहावे?

‘आयओस्टॅट’ ही डिस्कवरच्या कामाचे आकडे दाखवणारी आज्ञा आहे. विस्तृत माहितीचा पर्याय देऊन ती चालवली की रकान्यांची रांगच समोर येते. त्यातले तीन पुरेसे आहेत: वाचनाला आणि लेखनाला लागणारा सरासरी वेळ, म्हणजे ‘अवेट’चे दोन रकाने, आणि रांगेची सरासरी लांबी. पहिला अहवाल सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी दाखवतो, म्हणून तो सोडून द्यावा आणि दुसऱ्यापासून वाचायला सुरुवात करावी. फिरत्या डिस्कवर ‘अवेट’ दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर तक्रारीला जागा नाही. तो सातत्याने पन्नासच्या वर राहिला तर वापरकर्त्यांना ते जाणवू लागते. ‘युटिल’ हा टक्केवारीचा रकाना एकट्या फिरत्या डिस्कसाठी अर्थपूर्ण असतो, पण एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) किंवा हार्डवेअर रेडमागील (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्याची पद्धत) संच एकाच वेळी अनेक मागण्या हाताळू शकत असल्यामुळे तेथे शंभर टक्के दिसले तरी क्षमता संपली असे म्हणता येत नाही.

आकडे डिस्कनिहाय पाहण्याची सवय का लावावी, हे मला एका चार डिस्कांच्या सॉफ्टवेअर रेड १० संचाने, म्हणजे जोडीजोडीने प्रत्येक माहितीच्या दोन प्रती ठेवणाऱ्या संचाने, शिकवले. चारही डिस्कांवर सेकंदाला जवळपास सारखीच लेखने होत होती. तिघींचा लेखनाचा ‘अवेट’ ८ ते १२ मिलिसेकंद होता आणि चौथीचा १४० च्या पुढे. संच ‘निरोगी’ असल्याचे निवेदन होते, कारण ती डिस्क प्रत्येक मागणीला शेवटी उत्तर देत होती. फक्त ते उशिरा देत होती, आणि आरशासारख्या जोडीत दोन्ही प्रती लिहून झाल्याशिवाय लेखन पूर्ण होत नसल्यामुळे साऱ्या संचाला तिच्या चालीने चालावे लागत होते. ती एक डिस्क बदलताच तक्रारी थांबल्या.

विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये प्रत्येक वाचनामागे व लेखनामागे लागलेल्या सरासरी सेकंदांचे गणक असतात. तेथे ०.०१० म्हणजे दहा मिलिसेकंद.

फिरत्या डिस्ककडून मुळात किती वेगाची अपेक्षा ठेवावी?

हे गणित एकदा हाताने करून पाहावे, म्हणजे अवास्तव अपेक्षा आपोआप गळून पडतात. मिनिटाला ७,२०० फेरे मारणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला सेक्टर (माहितीचा सर्वांत लहान तुकडा) हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली, येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे सुमारे ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य ट्रॅकपर्यंत (तबकडीवरच्या वर्तुळाकार पट्ट्यापर्यंत) सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. बेरीज साडेबारा-तेरा मिलिसेकंदांच्या घरात जाते, म्हणजे विखुरलेल्या मागण्या सेकंदाला ऐंशीच्या आसपास. प्रत्येक मागणी ४ किलोबाइटची असेल तर ही डिस्क सेकंदाला जेमतेम ३२० किलोबाइट देते. तीच डिस्क एखादी मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या पुढे सहज जाते. १५,००० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये अर्धा फेरा २ मिलिसेकंदांचा आणि हेडचा प्रवासही छोटा असतो, तरीही तिची मजल सेकंदाला दोनशे मागण्यांच्या आतबाहेरच थांबते.

म्हणून ‘डिस्क जुनी झाल्यामुळे मंद झाली’ हे विधान बहुतेक वेळा चुकीचे असते. निरोगी डिस्क पहिल्या दिवशी जितक्या वेगाने फिरत होती, तितक्याच वेगाने आजही फिरते. वाढलेले असते ते काम, विशेषतः विखुरलेले काम. थोडा फरक जागा भरल्याने पडतो: बाहेरच्या ट्रॅकवर एका फेऱ्यात जास्त माहिती मावते आणि डिस्क साधारणपणे बाहेरून आत भरत जाते, त्यामुळे सर्वांत आतल्या भागात सलग वाचनाचा वेग बाहेरच्या भागाच्या जवळपास निम्म्यावर येतो.

कोणताही बदल केलेला नसताना लेखन अचानक मंद झाले. काय झाले असावे?

हार्डवेअर रेड कंट्रोलर, म्हणजे डिस्कांचा संच सांभाळणारे वेगळे कार्ड, असेल तर सर्वांत आधी त्याची बॅटरी तपासावी. जुन्या सर्व्हरमधले हे सर्वांत जास्त दुर्लक्षित दुखणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा कंट्रोलरवर काहीशे मेगाबाइटची, कधी एक-दोन गिगाबाइटची कॅशे, म्हणजे वेगवान तात्पुरती साठवण, असते. लेखन त्या कॅशेमध्ये पोचताच कंट्रोलर ‘लिहिले’ असे कळवतो आणि डिस्कवर सावकाश, सोयीच्या क्रमाने उतरवतो. या पद्धतीला राइट-बॅक म्हणतात. मधेच वीज गेली तर कॅशेतली माहिती पुसली जाऊ नये म्हणून ही बॅटरी असते. काही वर्षांनी बॅटरी भार धरेनाशी होते, आणि तसे लक्षात येताच कंट्रोलर स्वतःहून राइट-थ्रू पद्धतीवर जातो, म्हणजे प्रत्येक लेखन प्रत्यक्ष डिस्कवर पोचेपर्यंत थांबतो. माहितीच्या दृष्टीने हा निर्णय अगदी योग्य असतो, पण वेगाची दाणादाण उडते, आणि याची सूचना मिळते ती कंट्रोलरच्या नोंदवहीत, जी सहसा कोणी उघडत नाही. एका कार्यालयात लेखा विभागाचे काम आठवडाभर अडलेले मी पाहिले आहे. डेटाबेसच्या क्वेरी तपासून झाल्या, नेटवर्क स्विच बदलून झाला, आणि शेवटी हाती लागली ती फुगलेली बॅटरी.

मंदी ठरावीक दिवसांनी येत असेल आणि काही तासांनी आपोआप जात असेल, तर कंट्रोलर बॅटरीची क्षमता पडताळण्यासाठी तिचा भार उतरवून पुन्हा भरत असण्याची शक्यता आहे. तेवढ्या काळात काही कंट्रोलर राइट-थ्रूवर जातात. या पडताळणीची वेळ कामाच्या तासांबाहेर ठेवता येते.

बॅटरी नसतानाही राइट-बॅक सक्तीने चालू ठेवता येते. ठेवावे का?

ठेवू नये. वीज गेल्यावर हरवते ती केवळ शेवटची नोंद नव्हे. फाइल सिस्टीमची किंवा डेटाबेसची अंतर्गत रचना अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राहू शकते. फाइल सिस्टीमचे बॅरिअर (लेखने योग्य क्रमाने डिस्कवर पोचतील याची खात्री करणारी सोय) बंद करण्याच्या सल्ल्यालाही हेच उत्तर लागू आहे. यूपीएस आहे म्हणून धोका नाही, हा युक्तिवाद सर्व्हरचा स्वतःचा वीजपुरवठा घटक जळाला की संपतो.

डिस्क बिघडत चालली आहे, हे स्मार्ट अहवालातून कळते का?

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवत असलेल्या नोंदी. त्यांतून पुष्कळ वेळा कळते, पण अहवालाच्या डोक्यावरचा ‘उत्तीर्ण’ हा शेरा वाचून थांबू नये. साटा या नेहमीच्या जोडणीच्या डिस्कवर क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९ या चार नोंदींचे मूळ आकडे पाहावेत. पाचवी नोंद राखीव जागेत हलवलेले सेक्टर मोजते. १९७ मध्ये वाचताना अडचण येत असलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर असतात, आणि वेगाच्या दृष्टीने हीच नोंद सर्वांत त्रासदायक, कारण असा एकेक सेक्टर वाचण्यासाठी डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. १९८ मध्ये न वाचता आलेल्या सेक्टरांची मोजणी असते. १९९ वाढत असेल तर बहुधा दोष डिस्कचा नसून केबलचा किंवा मागच्या जोडणीचा असतो. केबल बदलावी, आणि आकडा शून्यावर येण्याची वाट न पाहता तो वाढायचा थांबला एवढे पाहावे.

रेड संचात साधी डेस्कटॉप डिस्क लावली तर काय बिघडते?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे खराब सेक्टर आला की डेस्कटॉप डिस्क तो वाचण्यासाठी मिनिटभर किंवा त्याहून जास्त काळ झटत राहू शकते, कारण तिच्याकडे ती एकच प्रत आहे असे गृहीत धरून ती बनवलेली असते. लिनक्स मात्र मूळ नेमणुकीनुसार ३० सेकंदांत धीर सोडते आणि जोडणी नव्याने सुरू करू पाहते, तर हार्डवेअर कंट्रोलर ती डिस्क संचाबाहेरच काढू शकतो. सर्व्हरसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकतात आणि दुसरी प्रत वापरण्याचे काम संचावर सोपवतात. काही डेस्कटॉप डिस्कवर ही मर्यादा ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने घालता येते, पण पुष्कळ डिस्कवर ती वीज बंद-चालू झाली की पुसली जाते, म्हणून दर वेळी सुरुवातीला ती पुन्हा घालण्याची सोय करावी.

दुसरी गोष्ट एसएमआर पद्धतीच्या डिस्कची. त्यांत ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवून बसवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. वाचन ठीक चालते, पण दीर्घ विखुरलेल्या लेखनात, आणि संचाच्या पुनर्बांधणीत तर विशेषच, त्या अगदी गळाठतात. विकत घेण्याआधी उत्पादकाच्या माहितीपत्रकात ही पद्धत तपासून घ्यावी.

पैसे न खर्चता कोणते बदल करता येतील?

फाइल वाचल्याची वेळ नोंदवणे बंद करण्याचा, म्हणजे ‘नोएटाइम’चा, सल्ला सर्वत्र मिळतो. तो चुकीचा नाही, पण त्याचा फायदा आता पूर्वीइतका राहिलेला नाही, कारण २००९ मधल्या २.६.३० या आवृत्तीपासून लिनक्स कर्नल ‘रिलेटाइम’ हा सौम्य पर्याय आपणहून वापरते.

मागण्यांचा क्रम ठरवणारा शेड्यूलर फिरत्या डिस्कसाठी ‘एमक्यू-डेडलाइन’ आणि जुन्या कर्नलवर ‘डेडलाइन’ ठेवावा. आभासी यंत्राच्या आत मात्र ‘नन’ किंवा ‘नूप’ ठेवणे बरे, कारण क्रम लावण्याचे काम खालच्या यजमान यंत्राला करायचेच असते. बायोसमध्ये साटाची नेमणूक ‘आयडीई’ राहून गेली असेल तर ती ‘एएचसीआय’ करावी. त्यामुळे डिस्कला एका वेळी ३२ मागण्या रांगेत घेऊन हेडच्या प्रवासाला सोयीचा क्रम लावता येतो. विंडोजवर मात्र आधी योग्य ड्रायव्हर सक्रिय न करता हा बदल केला तर सर्व्हर निळ्या पडद्यावर थांबतो.

सर्वांत मोठा फुकटचा लाभ बहुधा डेटाबेसच्या नेमणुकीत दडलेला असतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये इनोडीबी या साठवण यंत्रणेच्या बफर पूलचा, म्हणजे रॅममधल्या कॅशेचा, मूळ आकार १२८ मेगाबाइट असतो, आणि ३२ गिगाबाइट रॅमच्या सर्व्हरवरही तो वर्षानुवर्षे तसाच राहिलेला आढळतो. तो वाढवला की डिस्कपर्यंत जाणारी वाचने मुळातच कमी होतात.

पार्टिशन चुकीच्या जागी सुरू झाल्याने वेग कमी होतो, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि जुन्या सर्व्हरवर नवी डिस्क लावल्यावर ते विशेष बाधते. पूर्वी पहिले पार्टिशन (डिस्कचा पाडलेला विभाग) ६३व्या सेक्टरपासून सुरू करण्याची प्रथा होती. नव्या डिस्क आतून ४,०९६ बाइटच्या सेक्टरवर काम करतात, पण बाहेरच्या जगाला ५१२ बाइटचे सेक्टर दाखवतात. ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे फाइल सिस्टीमचा ४ किलोबाइटचा प्रत्येक तुकडा आतल्या दोन सेक्टरांवर पसरतो, आणि साध्या लेखनासाठीही डिस्कला आधी वाचून, बदलून, मग लिहावे लागते. विंडोज सर्व्हर २००८ पासून पुढच्या प्रणाली आणि लिनक्सची अलीकडची साधने पार्टिशन १ मेगाबाइटवर, म्हणजे २,०४८व्या सेक्टरवर सुरू करतात. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा नव्या डिस्कवर उतरवली की जुनी चूकही तिच्याबरोबर येते.

रेड ५ सोडून रेड १० वर जावे का?

लेखन जास्त असेल तर जावे. रेड ५ मध्ये एका लहान लेखनासाठी जुनी माहिती व जुनी पॅरिटी (हरवलेली माहिती पुन्हा काढण्यासाठी ठेवलेली बेरीजवजा नोंद) वाचणे आणि दोन्ही नव्याने लिहिणे अशी चार कामे होतात. रेड ६ मध्ये सहा, तर रेड १० मध्ये दोनच. सेकंदाला ऐंशी मागण्या हाताळणाऱ्या चार डिस्कांची एकूण क्षमता ३२० धरली, तर निव्वळ विखुरलेल्या लेखनासाठी रेड ५ वर ८० आणि रेड १० वर १६० उरतात. मुख्यतः मोठ्या फाइली साठवून वाचायच्या असतील तर या फरकाने काही अडत नाही.

रॅम आधी वाढवावी की एसएसडी घ्यावी?

वारंवार वाचली जाणारी माहिती रॅममध्ये मावण्याजोगी असेल तर रॅम, कारण लिनक्स मोकळी रॅम आपणहून फाइलींची कॅशे म्हणून वापरते. लेखन जास्त असेल तर एसएसडी. रॅम कितीही असली तरी डेटाबेसचा व्यवहार पक्का करताना त्याची नोंद कायमच्या साठवणीवर पोचावीच लागते.

सर्व्हरची साटा जोडणी जुनी, ३ गिगाबिटची आहे. एसएसडी लावून उपयोग होईल का?

होईल. ही जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त ३०० मेगाबाइट वाहते, त्यामुळे सलग वाचनात एसएसडीचा निम्मा वेग वाया जातो हे खरे. पण सर्व्हरचे दुखणे विखुरलेल्या मागण्यांचे असते, आणि तेथे ऐंशीवरून हजारोंवर जाणारी झेप या जोडणीतही अबाधित राहते.

पीसीआय एक्स्प्रेसच्या मोकळ्या खाचेत एनव्हीएमई एसएसडी (थेट या खाचेवरून चालणारी एसएसडी) बसवणे हा दुसरा मार्ग. दुसऱ्या पिढीच्या चार मार्गिकांची खाच सेकंदाला सुमारे २ गिगाबाइट वाहते. मात्र जुन्या बायोसला अशा एसएसडीवरून सहसा सुरू होता येत नाही, म्हणून प्रणाली जुन्या डिस्कवर ठेवून फक्त माहिती नव्या एसएसडीवर न्यावी.

निवड करताना वीज गेल्यावर हातातले लेखन पूर्ण करण्यापुरते कपॅसिटर असलेली एसएसडी घ्यावी. जुने हार्डवेअर कंट्रोलर ट्रिमची, म्हणजे कोणती जागा आता मोकळी आहे हे एसएसडीला कळवणारी, आज्ञा बहुतेक वेळा पुढे पोचवत नाहीत, तेव्हा एसएसडीची थोडी जागा सुरुवातीपासून पार्टिशनबाहेर मोकळी सोडणे हितावह ठरते.

डीफ्रॅग करावे का?

डीफ्रॅग म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणे. विंडोजवर फिरती डिस्क असेल तर ते अधूनमधून करावे. एसएसडीवर जुन्या पद्धतीचे डीफ्रॅग करू नये.

रविवारी पहाटे सर्व्हर दर महिन्याला रेंगाळतो. का?

डेबियन या लिनक्स प्रणालीवर सॉफ्टवेअर रेडची पडताळणी परंपरेने महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी सुरू होत आली आहे, आणि डिस्क मोठ्या असतील तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पडताळणी बंद करू नये. न वाचता येणारे सेक्टर वेळेत सापडतात ते तिच्यामुळेच. कर्नलमधली कमाल गतीची मर्यादा मुळात सेकंदाला दोन लाख किलोबाइट इतकी सैल असते, ती आवळावी. बॅकअपची वेळही त्याच रात्री असेल तर एकदा घड्याळ समोर ठेवून दोन्ही कामे वेगळी करावीत.

कंपनांमुळे खरोखरच डिस्क मंद होते का?

होते. सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ मध्ये डिस्कांच्या संचासमोर चक्क ओरडून दाखवले होते आणि आलेखावर विलंबाचे उंचवटे उमटले होते. सैल झालेला स्क्रू, खडखडणारा पंखा किंवा रिकाम्या खणात न बसवलेली झाकणी तपासायला पाच मिनिटे लागतात.

बदलाचा परिणाम कसा मोजावा?

‘डीडी’ या माहिती उतरवणाऱ्या आज्ञेने शून्ये लिहून मोजू नये, बहुधा रॅमचाच वेग मोजला जातो. ‘एफआयओ’ हे साधन वापरावे, कॅशे टाळणारा थेट पर्याय द्यावा, चाचणीची फाइल कंट्रोलरच्या कॅशेपेक्षा बरीच मोठी ठेवावी आणि वाचन-लेखनाचे प्रमाण स्वतःच्या कामासारखे ठेवावे. एका वेळी एकच बदल करून आकडे लिहून ठेवावेत. चाचणीचे लक्ष्य म्हणून चालू डिस्कचे नाव कधीही देऊ नये, फाइलच द्यावी. लेखनाची चाचणी थेट डिस्कवर चालवली की त्यावरची माहिती गेली.

संचातली एकेक डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी लावत गेले तर चालेल का?

आरशासारख्या संचात तत्त्वतः चालते, पण आधी तीन गोष्टी पाहाव्यात. अनेक कंट्रोलर एकाच संचात सॅस (सर्व्हरसाठीची दुसरी जोडणी) आणि साटा, किंवा फिरती डिस्क आणि एसएसडी यांची सरमिसळ मान्य करत नाहीत. एलएसआय या कंपनीच्या १०६८ई चिपवर आधारलेले जुने कंट्रोलर २ टेराबाइटच्या पुढची जागा ओळखतच नाहीत, मग वर कितीही मोठी डिस्क लावा. आणि प्रत्येक पुनर्बांधणीत जोडीतली उरलेली जुनी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते, म्हणजे ती दगावण्याची सर्वाधिक शक्यता नेमकी त्याच तासांत असते. म्हणून पहिली डिस्क खेचण्याआधी पूर्ण बॅकअप घ्यावा, तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून उघडून पाहावा, आणि संचाची पडताळणी पूर्ण होऊन १९७ या नोंदीत शून्य दिसल्यावरच कामाला हात घालावा.